झाकली मूठ की उघडी? अमेरिकेतल्या कॉलेजांना कोणते गुण पाठवायचे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१ ऑगस्टला कॉमन अ‍ॅप (एकाच अर्जावर अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांना अर्ज करायची साइट) नव्या वर्षासाठी उघडतं आणि पुढच्या आठवड्यापासून आमच्या डायनिंग टेबलाभोवती बारावीची मुलं आणि त्यांचे आईबाप बसू लागतात. पुण्यात गेली काही वर्षं मी अमेरिकेतल्या पदवी प्रवेशाचे अर्ज भरायला मदत करतो. निबंधाबद्दल, शिफारसपत्रांबद्दल विचारतील असं मला दरवर्षी वाटतं, पण पहिला प्रश्न गुणांचाच असतो : सॅट आणि एसीटी या प्रवेशचाचण्यांचे गुण कॉलेजला पाठवायचे की झाकायचे? तेच प्रश्न, तीच उत्तरं, म्हणून एकदा लिहून ठेवलं. एमएसला जाणाऱ्यांच्या जीआरईचा हिशोब वेगळा, तो इथे नाही. मुलांच्या प्रश्नांना उत्तर देताना अरे-तुरे केलंय, पालकांना अहो-जाहो.

"टेस्ट ऑप्शनल" म्हणजे खरंच ऐच्छिक, की नुसतं म्हणायला?

आधी कॉलेजांचे तीन ढीग करा. गुण मागणारी, गुण ऐच्छिक ठेवणारी आणि पाठवले तरी न बघणारी.

तिसरा ढीग सोपा. कॅलिफोर्निया विद्यापीठाची सगळी संकुलं, म्हणजे बर्कली, यूसीएलए, सॅन डिएगो वगैरे, २०२१ पासून सॅट आणि एसीटी प्रवेशासाठी बघतच नाहीत. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीचंही (कॅल स्टेट) तेच. तिथे १६०० पैकी १६०० आले काय नि ११०० आले काय, अर्ज वाचणाऱ्याला ते दिसत नाहीत.

पहिला ढीग गेल्या काही वर्षांत वाढत चाललाय. कोविडमुळे २०२० मध्ये परीक्षा केंद्रंच बंद पडली आणि बहुतेकांनी अट काढली. एमआयटीने मार्च २०२२ मध्ये ती परत आणली. फेब्रुवारी २०२४ मध्ये डार्टमथने, मग काही आठवड्यांच्या अंतराने येल, ब्राउन, हार्वर्ड, कॅलटेक यांनीही आणली. २०२६ च्या प्रवेशापासून स्टॅनफर्ड आणि कॉर्नेल. प्रिन्स्टनने २०२७-२८ च्या प्रवेशचक्रापासून अट परत येईल असं जाहीर केलंय. सरकारी विद्यापीठांत आपल्या मुलांच्या यादीत हमखास असणारी पर्ड्यू, जॉर्जिया टेक आणि टेक्सास विद्यापीठाचं ऑस्टिन संकुल गुण मागतात. इथे "पाठवू का" हा प्रश्नच उरत नाही. "कोणत्या तारखेचे पाठवू" एवढाच उरतो.

मधला ढीग म्हणजे खरी डोकेदुखी, आणि या पानाचा बराचसा भाग त्याच्यावरच आहे. कोलंबिया, मिशिगन, शिकागो यांनी ऐच्छिक धोरण ठेवलं. शिकागोने तर ते २०१८ मध्येच, कोविडच्या आधी आणलं होतं. धोरणं वर्षागणिक बदलतात, त्यामुळे तुमच्या यादीतल्या प्रत्येक कॉलेजचं पान तुमच्या प्रवेशवर्षासाठी उघडून बघा. मावसभावाच्या वेळी काय होतं ते उपयोगाचं नाही.

कटऑफ किती असतो?

नसतो. ही गोष्ट आपल्या पचनी पडायला वेळ लागतो, कारण अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशापासून इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडपर्यंत आपण याद्या बघतच मोठे झालो. शेवटच्या आत गेलेल्याला ९४.२ असतील तर ९४.४ वाला निर्धास्त झोपतो. अमेरिकेतल्या निवडक खासगी कॉलेजात असली यादी लागत नाही. तिथे एक माणूस तुमची फाइल उघडतो, त्यात शाळेचे चार वर्षांचे गुण, शाळेची माहिती, शिफारसपत्रं, निबंध आणि सॅटचा आकडा एकत्र वाचतो. आकडा बाकीच्या कागदांशी जुळतो का, त्यांत काही भर घालतो का, हे तो बघतो.

तरी मोजायला काहीतरी लागतंच. त्यासाठी "कॉमन डेटा सेट" शोधा. बहुतेक कॉलेजं तो दरवर्षी आपल्या साइटवर टाकतात. त्यातला सी-९ हा तक्ता आपल्या कामाचा. त्यात दोन गोष्टी असतात. दाखल झालेल्यांपैकी किती टक्के मुलांनी सॅट किंवा एसीटीचे गुण दिले होते, आणि त्या मुलांचे २५वं, ५०वं आणि ७५वं शतमक किती होतं. समजा २५ वर १४३० आणि ७५ वर १५३० आहे. याचा अर्थ गुण देणाऱ्यांपैकी पाव मुलं १४३० किंवा त्याखालीही होती. १४३० हा उंबरठा नाही.

आणि इथेच एक गंमत आहे. ऐच्छिक कॉलेजात ज्यांचे गुण चांगले तीच मुलं ते देतात, म्हणून तक्त्यातले आकडे फुगतात. ते बघून पुढच्या वर्षी १४५० वाला घाबरतो आणि गुण झाकतो, आकडे आणखी फुगतात. त्यामुळे आकड्यांच्या आधी ती टक्केवारी बघायची. ७० टक्के मुलांनी गुण दिलेत तर तक्ता बऱ्यापैकी खरं बोलतोय. २५ टक्क्यांनीच दिलेत तर तो त्या पाव मुलांचाच फोटो आहे, वर्गाचा नाही.

माझा ठोकताळा असा : मधल्या आकड्याच्या, म्हणजे ५०व्या शतमकाच्या, वर असाल तर डोळे झाकून द्या. २५ आणि ५० च्या मध्ये असाल तर बहुतेक वेळा द्या. २५ च्या खाली असाल तर थांबा आणि पुढचे दोन प्रश्न वाचा.

माझा १३९० आलाय. गणित ७९०, रीडिंग-रायटिंग ६००. इंजिनिअरिंगला जायचंय. पाठवू?

अगदी हाच आकडा घेऊन दोन वर्षांपूर्वी एक मुलगा आला होता. दहावीपर्यंत सांगली जिल्ह्यात सेमी-इंग्लिश, मग पुण्यात ज्युनिअर कॉलेज. वडिलांनी एक्सेलमध्ये चौदा कॉलेजं मांडली होती. १३९० त्यांच्या २५व्या शतमकाखाली असेल तिथे लाल, वर असेल तिथे हिरवं. जवळजवळ सगळं लाल. दोघांचं ठरलेलंच होतं की ऐच्छिक ठिकाणी कुठेच द्यायचं नाही.

मी त्यांना एक स्तंभ वाढवायला सांगितला. सी-९ मध्ये गणित आणि रीडिंग-रायटिंगची शतमकं वेगवेगळीही असतात. गणिताचा स्तंभ भरला तर निम्म्याहून जास्त ठिकाणी ७९० मधल्या आकड्याच्या वर किंवा त्याला चिकटून. आता प्रश्न बदलला : मेकॅनिकलला अर्ज करणाऱ्या, विज्ञान-गणित सोडून बाकी सगळं मराठीत शिकून आलेल्या मुलाचा ६०० हा आकडा वाचणाऱ्याला कसा दिसेल? शिफारसपत्रात त्याच्या भौतिकशास्त्राच्या बाईंनी माध्यमाची गोष्ट दोन ओळींत लिहिली होती. ती लिहिली नसती तर ६०० नुसताच ६०० राहिला असता.

नुसतं गणित पाठवता येत नाही, एका तारखेचे दोन्ही विभाग जोडीनेच जातात. शेवटी त्याने सहा ऐच्छिक कॉलेजांना गुण दिले, तिघांना दिले नाहीत, उरलेल्या पाच ठिकाणी अटच होती. काही ठिकाणी झालं, काही ठिकाणी नाही. कुठे गुणांमुळे झालं आणि कुठे गुणांमुळे गेलं हे छातीठोक सांगणारा कोणी भेटला तर त्याच्यापासून चार हात लांब राहा.

उलट बाजूही लक्षात ठेव. ७१० इंग्रजीत आणि ६४० गणितात असेल आणि अर्ज कॉम्प्युटर सायन्सला असेल, तर एकूण १३५० असूनही मी सहसा झाकायलाच सांगतो. इतिहास-अर्थशास्त्रवाला असेल तर पुन्हा विचार करू.

गुण दिले नाहीत तर संशय येत नाही का? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना!

मूठ कोणाची आहे त्यावर आहे. वाचणारा तुमच्या शाळेला ओळखत असेल, शाळेतून दरवर्षी वीस अर्ज येत असतील आणि त्यातले अठरा गुणांसकट असतील, तर उरलेल्या दोघांच्या मुठीत काय आहे याचा अंदाज तो बांधतोच. पुण्या-मुंबईच्या महागड्या आंतरराष्ट्रीय शाळांतली मुलं यात मोडतात. जिथून कोणीच कधी अर्ज केला नाही अशा तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलीने गुण दिले नाहीत तर तिथे शंकेला तितकी जागा नसते.

पण म्हणून तिने झाकावेत असं मुळीच नाही. डार्टमथने अट परत आणली त्याआधी त्यांच्याच प्राध्यापकांनी आकडे तपासले होते. साधनं कमी असलेल्या शाळांतली, १४०० च्या आसपास गुण असलेली मुलं ते गुण झाकत होती, आणि दिले असते तर त्यांना फायदाच झाला असता, असं त्यांना दिसलं. कॉलेज तो आकडा त्या मुलाच्या शाळेच्या शेजारी ठेवून वाचतं, आपण मात्र तो सी-९ च्या शेजारी ठेवून घाबरतो. लातूर, जळगाव, सावंतवाडीकडच्या मुलांना मी हे आवर्जून सांगतो. तुमच्या कॉलेजात सॅट हा शब्द कोणी ऐकला नसेल तर तिथून आलेला १४०० ही मोठी गोष्ट आहे, आणि ती वाचणाऱ्याला कळते.

अकरावीकडे दुर्लक्ष झालं. अकरावीत ६१ टक्के आहेत. आता सॅटने भरपाई होईल?

काही प्रमाणात होते, पूर्ण नाही. आपल्याकडे अकरावी म्हणजे दोन बोर्डांमधला चहाचा ब्रेक. त्यातून "इंटिग्रेटेड" प्रकार असेल तर मूल दिवसभर क्लासमध्ये आणि कॉलेजात फक्त हजेरीपटावर. अमेरिकेला मात्र नववी ते बारावी चारही वर्षं लागतात, आणि अर्ज जातो तेव्हा बारावी संपलेली नसते, म्हणून अकरावी हेच सर्वांत ताजं पूर्ण वर्ष ठरतं. तिथे ६१ दिसले की वाचणाऱ्याला वाटतं मुलगा घसरतोय.

अशा वेळी सॅटचा गणितातला चांगला आकडा हा फाइलमधला एकमेव त्रयस्थ साक्षीदार असतो. म्हणून अकरावी कच्ची असलेल्यांसाठी मी पाठवण्याची रेषा थोडी खाली आणतो. शिवाय ज्युनिअर कॉलेजातल्या कोणाला तरी, शक्यतो शिफारसपत्रातच, तिथल्या गुणदानाबद्दल खरंखुरं लिहायला सांग. अकरावीत संपूर्ण वर्गाची सरासरीच ५५ असेल तर ती एक ओळ खूप काम करते.

तीनदा सॅट दिली. सगळे प्रयत्न दिसतात का?

सॅट घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या "स्कोर चॉइस"मुळे कोणत्या तारखेचे गुण जाऊ द्यायचे ते तू ठरवतोस. मात्र काही कॉलेजं सगळ्या तारखांचे मागतात. जॉर्जटाऊन त्यासाठी वर्षानुवर्षं प्रसिद्ध आहे. तसं लिहिलं असेल तिथे ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस, सरळ सगळे दे. तीन प्रयत्नांचं कोणालाच काही वाटत नाही. सहाव्याला मात्र मला वाटायला लागतं.

सुपरस्कोर म्हणजे?

वेगवेगळ्या तारखांतले विभागवार सर्वोत्तम गुण जोडून केलेली बेरीज. मार्चमध्ये रीडिंग-रायटिंग ६४० आणि गणित ७७०, एकूण १४१०. ऑगस्टमध्ये ७१० आणि ७४०, एकूण १४५०. सुपरस्कोर ७१० अधिक ७७०, म्हणजे १४८०. यासाठी दोन्ही तारखा पाठवाव्या लागतात, बेरीज कॉलेज करतं. पुष्कळ मुलं नुसता १४५० पाठवून मोकळी होतात आणि ३० गुण घरीच ठेवतात.

सॅट १४३०, एसीटी ३४. दोन्ही द्यायचे?

फक्त एसीटी. सॅट आणि एसीटीच्या अधिकृत तुलनातक्त्यात ३४ म्हणजे साधारण १५००, ३२ म्हणजे १४३०, ३० म्हणजे १३७०. दोन्ही सारख्याच वजनाचे असतील तर एकच पाठव. दुसऱ्याने भर पडत नाही. एसीटीत आता विज्ञान ऐच्छिक झालंय आणि एकूण गुण इंग्रजी, गणित, वाचन या तिघांच्या सरासरीवर ठरतात. एखाद्या कॉलेजला विज्ञानही हवं असेल तर ते तसं लिहितं.

एपी दिल्यात. ५, ४ आणि ३ आलेत.

एपी म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, शाळेत असतानाच द्यायच्या कॉलेज पातळीच्या विषयवार परीक्षा. अर्जात एपीचे गुण आपले आपण भरायचे असतात, त्यामुळे ५ आणि ४ भर. ३ चं कॉलेजवर आहे. फार निवडक ठिकाणी रिकामं ठेव, सरकारी विद्यापीठात भर, कारण तिथे ३ वरही कधीकधी पदवीचं क्रेडिट मिळतं. येलचा अपवाद : त्यांनी २०२४ च्या धोरणात सॅट-एसीटीऐवजी एपी किंवा आयबी (इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट) चालेल असं ठरवलं, पण त्या वाटेने गेलात तर दिलेल्या सगळ्या विषयांचे गुण द्यावे लागतात.

आपल्या मुलांचा एक घोळ नेहमीचा. एपी मे महिन्यात होते, निकाल जुलैत. बारावीच्या मेमध्ये दिलेली एपी प्रवेशाच्या निर्णयाला उपयोगी पडत नाही, कारण निर्णय मार्चअखेर लागून गेलेले असतात. द्यायची तर अकरावीच्या मेमध्ये.

बोर्डाचे, जेईईचे, सीईटीचे गुण कुठे लिहायचे?

कॉमन अ‍ॅपच्या टेस्टिंग विभागात आंतरराष्ट्रीय अर्जदारांना एक प्रश्न असतो : तुमच्या शिक्षणपद्धतीत शाळा संपताना सार्वजनिक परीक्षा असते का? पुष्कळ मुलं गोंधळून "नाही" म्हणतात. "हो" म्हणायचं, आणि दहावीचे विषयवार गुण तिथे भरायचे. हे गुण ऐच्छिक नसतात. दहावीला ९६ असतील तर तेही दिसतात आणि ७४ असतील तर तेही.

बारावी बोर्डाचा निकाल मेमध्ये येतो, अर्जाची मुदत बहुधा १ जानेवारीची. मधल्या काळात तुमच्या ज्युनिअर कॉलेजने अपेक्षित गुण द्यायचे असतात, आणि राज्य मंडळाच्या बऱ्याच ज्युनिअर कॉलेजांत "हे कुठलं नवीन?" असं विचारतात. सहामाहीचे गुण आणि नंतर पूर्वपरीक्षेचे गुण कॉलेजच्या लेटरहेडवर मागून घ्या. ऑफिसातल्या क्लार्कशी दिवाळीच्या आधी बोलून ठेवा, डिसेंबरात ते बोर्डाच्या फॉर्ममध्ये बुडालेले असतात.

जेईई मेनचं शतमक ९९ च्या पुढे असेल तर कॉमन अ‍ॅपच्या अ‍ॅडिशनल इन्फर्मेशन या रकान्यात एका ओळीत लिही, आणि ही परीक्षा दहा लाखांहून अधिक मुलं देतात हेही लिही, कारण वाचणाऱ्याला संदर्भ नसतो. सीईटीचं मी सहसा लिहू देत नाही. चांगला आकडा आहे, पण समजावून सांगण्यात जागा जाते.

टोफेल पण ऐच्छिक आहे का?

नाही, टोफेल ही इंग्रजीची परीक्षा, तो वेगळा कप्पा आहे. सॅट न देणं आणि इंग्रजीचा पुरावा न देणं यांची गल्लत करू नका. काही कॉलेजं शाळेचं माध्यम इंग्रजी असेल तर सूट देतात, तीही लेखी मागून घ्यावी. टोफेल आणि आयईएलटीएस दोन्ही दोन वर्षं चालतात. २१ जानेवारी २०२६ पासून टोफेलची मोजपट्टी १ ते ६ अशी झालीये आणि काही काळ जुना १२० पैकीचा आकडाही सोबत दिसतो. कॉलेजच्या पानावरचा आकडा कोणत्या पट्टीतला आहे ते बघूनच घाबरा. किमान अट ओलांडली की पुरे. १०० मागितलेत आणि १०४ आहेत, तर ११२ साठी पुन्हा फी भरू नका.

एका कॉलेजला गुण द्यायचे, दुसऱ्याला नाहीत. कॉमन अ‍ॅप तर एकच आहे!

टेस्टिंग विभाग सगळ्यांना सामाईक, पण प्रत्येक कॉलेजच्या स्वतःच्या प्रश्नांत बहुधा विचारलेलं असतं की तुमचे गुण विचारात घ्यायचे का. तिथे "नको" म्हटलं की ते बघत नाहीत असं कॉलेजं सांगतात. मी तेवढ्यावर भागवत नाही. अर्ज एकेक करून जातात आणि मधे टेस्टिंग विभाग बदलता येतो. आधी गुणांसकट जाणारे सगळे अर्ज पाठवायचे, मग सॅट काढून टाकायचं, पीडीएफ उघडून पानापानाने बघायचं आणि मग बिनगुणांचे. हे ३१ डिसेंबरच्या रात्री करू नये. तेव्हा सॅट काढायचं राहतंच.

क्लासवाल्यांनी सॅटच्या गुणांचे चार मोफत रिपोर्ट आधीच भरायला लावले. ठीक आहे ना?

परीक्षेसाठी नाव नोंदवल्यापासून परीक्षेनंतरच्या नवव्या दिवसापर्यंत चार कॉलेजं मोफत निवडता येतात, आणि तोवर निकाल आलेला नसतो. म्हणजे काही हजार रुपये वाचवायला तुम्ही न बघितलेले गुण चार कॉलेजांना पाठवताय. सगळे गुण मागणारी किंवा अट असलेली कॉलेजं असतील तर फुकटचं घ्या. ऐच्छिक कॉलेज कधीच नको. शिवाय अर्ज करताना बहुतेक ठिकाणी आपण भरलेले गुण चालतात, अधिकृत रिपोर्ट प्रवेश पक्का झाल्यावर एकाच कॉलेजला पाठवायचा असतो. मग चौदा ठिकाणी पैसे का भरायचे?

शिष्यवृत्तीला गुण लागतात का?

प्रवेशाला ऐच्छिक आणि शिष्यवृत्तीला आवश्यक, अशी कॉलेजं आहेत. अलाबामा विद्यापीठासारख्या ठिकाणी गुणवत्ता शिष्यवृत्तीचं कोष्टकच शाळेचे गुण आणि चाचणीचे गुण यांवर बेतलेलं असतं. फी बघून अर्ज करणाऱ्यांनी ते पान आधी उघडावं. तिथे १३९० झाकणं म्हणजे पैसे झाकणं.

आम्ही न्यू जर्सीत असतो. मुलीची पीएसएटी (सॅटआधीची सराव-चाचणी) कॉलेजला जाते का?

जात नाही. पण एक तपासा : काही हायस्कूलं सॅटचे गुण ट्रान्सक्रिप्टवरच, म्हणजे शाळेच्या गुणपत्रकावरच, छापतात. तिने अर्जात झाकले आणि शाळेने उघड केले तर काय उपयोग? काउन्सेलरला सप्टेंबरातच विचारून ठेवा.

गुण पाठवून तीन आठवडे झाले, कॉलेजच्या पोर्टलवर "मिळाले नाहीत" दिसतंय.

दहापैकी सात वेळा नावाचा घोळ. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि "गिव्हन नेम"मध्ये नाव आणि वडिलांचं नाव चिकटलेलं. आधारवर तिसराच क्रम. सॅटचं खातं नववीत बाबांनी घाईत काढलेलं, त्यात वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून, आणि कॉमन अ‍ॅपमध्ये मुलाने ते गाळलेलं. कॉलेजच्या संगणकाला ही दोन वेगळी माणसं वाटतात. वर जन्मतारखेत अमेरिकन पद्धतीने महिना आधी लिहायचा असतो, आणि ५ ऑगस्टचा मुलगा ८ मेचा होऊन बसतो.

पासपोर्टवर जसं आहे तसंच, त्याच स्पेलिंगने, सगळीकडे ठेवा. आधीच घोळ झाला असेल तर त्या कॉलेजच्या प्रवेश कार्यालयाला चार ओळींची मेल करा : अर्जातलं नाव, सॅटवरचं नाव, जन्मतारीख महिन्याचं नाव अक्षरात लिहून, आणि कॉलेज बोर्डाचा नोंदणी क्रमांक. सोबत पासपोर्टच्या पहिल्या पानाचा स्कॅन. बहुधा आठवड्याभरात पोर्टलवर हिरवी खूण येते.